काँगोचे सापर: स्वतःची ओळख की पॅरिसची नक्कल?

काजबटण
काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, समोरच्या काठावर किन्शासा: दोन वेगळ्या देशांच्या राजधान्या. दोन्हीकडे ‘ला साप’ची माणसं भेटतात. (हा साप सरपटणारा नव्हे. ‘मौजी आणि रुबाबदार लोकांची मंडळी’ अशा अर्थाच्या लांबलचक फ्रेंच नावाची ती आद्याक्षरं.) आठवडाभर टॅक्सी चालवणारा किंवा गवंडीकाम करणारा माणूस रविवारी सूट, टाय, टोपी घालून ब्राझाव्हिलच्या बाकाँगो भागातल्या रस्त्यावर येतो, तो सापर.

याला गोऱ्यांची नक्कल म्हणून हसणाऱ्यांनी आधी त्यांचा तीन रंगांचा नियम पाळून दाखवावा. हिरवा सूट, गुलाबी शर्ट, तपकिरी बूट ठरले की टाय, मोजे, रुमाल, सगळं त्या तिघांतूनच निवडायचं. लोक फसतात ते कमरेच्या पट्ट्यात आणि घड्याळाच्या वादीत: बूट तपकिरी आणि वादी काळी, की झाला चौथा रंग. नक्षीचा टाय त्याहून घातक, त्या एकातच चार रंग असतात. म्हणून भडक सुटावर एकरंगी टाय. हे बघून बघून जमत नाही, त्याला रंगांची जाण असावी लागते.

उलटी टीप
शिस्त पाठांतरालाही लागते हो! सूट युरोपी, बूट फ्रान्समधल्या लिमोजच्या वेस्टन कंपनीचे, आणि कोट उघडून मिरवायचं ते आतलं लेबल. ब्राझाव्हिलचं चलन सीएफए फ्रँक, ते फ्रेंच फ्रँकला बांधलेलं. जानेवारी 1994 मध्ये त्याची किंमत निम्मी केली. एका फ्रेंच फ्रँकला 50 सीएफए पडायचे, ते 100 झाले. वेस्टनची पॅरिसमधली किंमत जागच्या जागी, ब्राझाव्हिलच्या खिशाला मात्र दुप्पट. दुसऱ्याच्या चलनावर उभी असलेली ही कसली ओळख?

मोहरी
लेबलाचं अर्धं मान्य. पण लेबलामुळे कोट अंगावर बसत नाही. जुना सूट घेताना फक्त खांदा बघा. कंबर चारेक सेंटिमीटर आत घेता येते, पँट आखूड करता येते. खांदा बदलायचा तर कोट जवळपास उसवून पुन्हा शिवावा लागतो. बाहीवर खरी काजं असतील तर मनगटाकडून कापू नका, बटणं कडेला येतात. तिथे बाही मुंढ्यातून उसवून वर घ्यावी लागते आणि ते काम महाग. शर्टाचा कफ बाहीबाहेर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दिसावा, पँटची मोहरी बुटावर एकदाच मोडावी.

त्या दमट हवेत गोंदाने चिकटवलेल्या बकरमचा (कोटाला आकार देणाऱ्या आतल्या कडक कापडाचा) कोट घेऊ नये. घाम आणि कडक इस्त्री बसली की गोंद सुटतो, छातीवर फुगे येतात, आणि ते परत बसत नाहीत. टाक्यांनी जोडलेलं बकरम, मीटरला 220 ते 260 ग्रॅम वजनाची पीळदार लोकर आणि अर्धंच अस्तर, असा कोट तिथे टिकतो. हे जाणणारा माणूस नकलाकार कसा?

काजबटण
आणि इतिहास? हुकूमशहा मोबुटूने झाईरमध्ये (किन्शासा ज्याची राजधानी, त्या देशाचं तेव्हाचं नाव) 1970च्या दशकात सूट-टायवर बंदी आणली. पुरुषांनी घालायचा तो आबाकोस्त नावाचा बिनटायचा कोट. नावातच ‘सूट मुर्दाबाद’. ती सक्ती 1990 मध्ये सुटली. गायक पापा वेम्बाने किन्शासाच्या पोरांना उंची कपड्यांचं वेड लावलं ते या बंदीच्याच काळात. सूट तिथे हुकूम मोडण्याचं साधन होता. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बाबासाहेबांचा सूट आपण पुतळ्यापुतळ्यावर बघतो.

उलटी टीप
मोबुटूचा हुकूम नदीच्या त्या काठावर चालायचा. ब्राझाव्हिलला त्याचा काय संबंध? तिथे तर वसाहतकाळापासून, फ्रान्सहून परतलेल्यांच्या कपड्यांवरून ही हौस सुरू आहे. आणि बाबासाहेबांना मध्ये आणू नका. ज्याला अंगभर नीट कपडा घालायचीही मुभा नव्हती, त्या समाजातल्या माणसाने सूट घालणं हा हक्काचा प्रश्न होता. इथे घरभाडं थकवून मगरीच्या कातड्याचे बूट घेतात.

काजबटण
ब्राझाव्हिलचा मुद्दा बरोबर, मी दोन काठ एकात कालवले. पण वसाहतीत ‘बॉय’, म्हणजे घरगडी म्हणून साहेबाचे उतरलेले कपडे घालणारा माणूस पुढे साहेबापेक्षा चोख कपडे घालतो, यातही हक्काचा प्रश्न आहेच की. शिवाय किन्शासात कितीतरी सापर जपानी डिझायनर योजी यामामोटोचे काळे, ढगळ कपडे घालतात. त्यात पॅरिसची नक्कल कुठे सापडली?

उलटी टीप
पॅरिसऐवजी टोकियो. खर्च तोच.

मोहरी
खर्चाबद्दल एक राहिलं. बरेच सापर कपडे एकमेकांना वापरायला देतात, त्यामुळे अंगावर दिसलेला प्रत्येक सूट विकत घेतलेला नसतो. बूट मात्र उसने घेऊ नयेत, आतला तळ पहिल्या मालकाच्या पावलाचा ठसा धरतो. वेस्टनसारख्या शिवलेल्या बुटाचा तळ झिजला तर बदलता येतो, म्हणून तो वर्षानुवर्षं पुरतो; नुसता चिकटवलेला तळ सुटला की बहुतेकदा बूट फेकायचा. एकदा घातला की दिवसभर लाकडी साचा घालून सावलीत वाळू द्यावा. उन्हात ठेवला तर चामडं तडकतं. तांबडी धूळ आधी कोरड्या ब्रशने झाडावी, मग क्रीम. उलट केलं तर धूळ क्रीममध्ये कालवून चामड्यावर घासली जाते.

आता काजबटण, तुम्हीच सांगा: तीन रंगांत पांढरा शर्ट धरायचा की नाही?

काजबटण
धरायचा! पांढरा फुकट सोडला की उद्या काळाही सोडा म्हणतील.