पूर्ण पैसे घेतलेत आणि पावसात चप्पल अडकल्या, काय करू?

चप्पलवाली, निपाणी

नमस्कार. मी घरातून कोल्हापुरी चप्पल विकते. दुकान नाही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, व्हॉट्सॲपवर पायाचं माप घेते, यूपीआयवर पूर्ण पैसे आले की कारागिराला सांगते. चार वर्षं असंच चाललंय. कारागीर दोघे, निपाणीजवळच्याच खेड्यातले. त्यांच्या घरच्या बायका वेण्या घालायला बसतात.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, त्यावरून गाजावाजा झाला, तेव्हापासून पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं वाढली. यंदा लग्नाच्या हंगामात मी ६३ जोड घेतले. "पंधरा दिवसांत मिळेल" असं मीच लिहून दिलं. २६ गेले आणि पाऊस लागला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं दमट हवेत वाळत नाही. घाईने शिवलं तर बुरशी धरते. कारागीर म्हणतात, "ऊन पडू दे ताई, ओली चप्पल दिली तर माझं नाव जाईल." त्यांचं बरोबर आहे.

३७ जोड राहिलेत, जोडाला १,४५० रुपये. म्हणजे लोकांचे ५३,६५० माझ्याकडे अडकलेत. आणि खात्यात आहेत १९,२००. बाकीचे कातड्याला आणि कारागिरांच्या उचलीला गेले. उचल परत मागायला तोंड नाही, पावसाळ्यात त्यांची चूल त्यावरच पेटते.

एका बाई तर म्हणाल्या, निपाणी कर्नाटकात, म्हणजे तुमची कोल्हापुरी नकलीच असणार, पैसे परत द्या. त्यांना सांगितलं, २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूरलाही मिळालंय. त्या गप्प बसल्या, पण चप्पल अजून गेलेली नाहीच.

नवीन ऑर्डरी घ्याव्यात आणि त्या पैशातून जुन्यांना परत करावं, असं कालपर्यंत मनात होतं. काल एका काकांचा फोन आला. मुलाच्या लग्नात घालायला मागवली होती. लग्न झालं. ते चिडले नाहीत. "आता घाई करू नको पोरी," एवढंच म्हणाले. तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा येतोय. दोन दिवस कुणाला उत्तरच दिलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

गिऱ्हाईक, टिळकवाडी

ताई, मी पलीकडच्या बाजूची. गेल्या वर्षी बहिणीच्या डोहाळजेवणासाठी एकीकडे हिरवी साडी सांगितली होती, पैसे आधी भरले. तारीख टळली. मी मेसेज केला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आणि त्याच संध्याकाळी तिच्या स्टेटसवर नवीन माल, "ऑर्डर सुरू आहेत" म्हणून! साडी दहा दिवसांनी आली, चांगली होती, पण मी परत तिच्याकडून काही घेतलं नाही. तुमच्या पेजवर आत्ता काय दिसालंय ते आधी बघा. तिथे अजून "पंधरा दिवसांत" लिहिलेलं असेल तर आजच काढा.

कोर्टाच्या वाटेवरचा, चिकोडी

ग्राहकांची प्रकरणं मी रोज बघतो, म्हणून सांगतो. घरातून विकता म्हणून नियम लागू नाहीत असं समजू नका. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम फक्त कधीमधी खाजगीत काही विकणाऱ्याला सोडतात, नेमाने धंदा करणाऱ्याला नाही. कबूल केलेल्या तारखेपेक्षा माल उशिरा गेला तर पैसे परत द्यायला नकार देता येत नाही, हा त्या नियमांचा रोख आहे. आटोक्याबाहेरच्या आपत्तीला सूट आहे, पण जूनमधला पाऊस त्यात बसवणं अवघड. तो दरवर्षी येतो आणि तुम्हाला तो माहीत होता.

पुण्याचं गिऱ्हाईक पुण्यातच तक्रार करू शकतं, त्याला बेळगावला यावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तर फोनवरच तक्रार होते, मराठीतही. भीती घालत नाही. जो मागेल त्याला वेळेवर परत दिलंत आणि ते व्हॉट्सॲपवर लेखी ठेवलंत, तर बहुतेक प्रकरण तिथंच मिटतं.

मागावरची साडी, शहापूर (बेळगाव)

बाई, एक गोष्ट आधी. नवीन ऑर्डरीच्या पैशातून जुन्यांचं भागवायचं, ते अजिबात करू नका. मी केलंय. सहा महिने करालो होतो, शेवटी कुणाचे पैसे कुणाच्या साडीत गेले मलाच कळेना. वहीसुद्धा खोटी वाटायला लागली. भिशी उचलून बाहेर पडलो.

आता मी ३०० रुपये आगाऊ घेतो. साडी मागावरून उतरली की पदराचा व्हिडिओ पाठवतो, मग बाकीचे. घरपोच आल्यावर पैसे हे मी बंद केलं, कारण माणूस घरी नाही म्हणून पार्सल परत आलं की दोन्ही वेळचं भाडं माझ्या डोक्यावर. आगाऊचं खातं वेगळं, त्या खात्याचं यूपीआय फोनमध्ये ठेवतच नाही. तुमचं कातडं पावसात वाळत नाही, तर मृगापासून गणपतीपर्यंत पेजवर स्पष्ट लिहा की या दिवसांत ऑर्डर नाही. उन्हाळ्यातच कातडं वाळवून ठेवा, त्याला भांडवल कमी पडलं तर जोड कमी घ्या. ६३ घ्यायला नको होते ओ.

आणि सगळ्यांना एकच मेसेज फिरवू नका. फोन करा. कागदावर नावं काढा: परत हवेत, थांबतो, दुसरं माप चालेल. मी तसाच कागद केला होता.

चप्पलवाली, निपाणी

तीन संध्याकाळी बसून फोन केले. ३७ पैकी ३४ जणांनी उचलला. १० जणांना पैसे हवे होते, १४,५०० गेले, खात्यात ४,७०० उरले. काकांनी पैसेच मागितले. पहिले त्यांनाच पाठवले. २४ जण गणपतीपर्यंत थांबतो म्हणाले. त्यांच्यासाठीचं कातडं घेतलेलंच आहे, फक्त वाळायचं आहे. तोवर नवीन कुणाचा रुपया घेणार नाही, पेजवर तसं लिहिलंय. दोघींनी शिव्या घातल्या, ऐकून घेतल्या. उरलेल्या तिघांना लेखी मेसेज ठेवलाय.

शहापूरकर, तो तुमचा कागद जमला तर फोटो काढून टाका. पैसे परत मिळाल्याची सही-तारीख त्यावर कुठे घेता, ते बघायचं होतं.