वाळवंटातले जुने मित्र आणि आरव्हीचा प्रवास : तुमचे अनुभव सांगा

सॅन होजे, कॅलिफोर्निया

1970-80च्या दशकात शिकायला म्हणून अमेरिकेत आलेली आमची पिढी आता निवृत्त झाली आहे. थंडीने सांधे धरतात म्हणून कुणी फीनिक्सला गेलं, कुणी टूसॉनला, कुणी न्यू मेक्सिकोतल्या एखाद्या छोट्या गावात. विमानाने गेलं की धावती भेट होते. गुडघे दुखत असताना वहिनी चार पदार्थ करतात आणि आपण पाहुणे म्हणून सोफ्यावर बसून राहतो. या वयात मित्राकडे चांगलं आठवडाभर राहायचं, तर आपला पलंग, आपली औषधं, आपलं बाथरूम बरोबर हवं, आणि यजमानांना त्यांची दुपारची झोप मिळायला हवी. आरव्हीने, म्हणजे आत पलंग, ओटा, बाथरूम असलेल्या चालत्या घराने, हे जमतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आम्ही भाड्याने घेतली होती 25 फुटी सी क्लास, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग असतो ती. बारस्टोवरून नीडल्स, तिथून दक्षिणेला क्वार्टझसाइट. एरवी हे गाव चिमुकलं, पण जानेवारीत आजूबाजूच्या सरकारी जमिनीवर नजर पोहोचेल तिथवर आरव्ही उभ्या असतात. कॅनडापासून आलेले म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्या टाकून उन्हात बसलेले. गावच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. 1850च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटासाठी उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ही समाधी. इथल्या लोकांनी त्याचं ‘हाय जॉली’ केलं. 1902 मध्ये तो वारला. इतक्या लांब येऊन इथलाच झालेला माणूस. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

पुढे आहो नावाचं गाव. माझा नागपूरचा मित्र खाणकाम अभियंता, सगळी नोकरी अ‍ॅरिझोनाच्या तांब्याच्या खाणींत. आहोची खाण 1985 मध्ये बंद पडली, कामगार गेले, घरं स्वस्त झाली आणि निवृत्त लोक येऊन राहिले. त्यातला हा एक. पांढरी चर्चं, ताडांची झाडं असलेला चौक आणि गावाला लागूनच खाणीचा प्रचंड खड्डा. त्याच्या अंगणात आमची गाडी उभी होती. सकाळी तो खिडकीवर टकटक करायचा आणि चहा घेऊन थेट आत यायचा, हॉस्टेलवर यायचा तसाच. वहिनी आणि ही रात्री घरात गप्पा मारत बसायच्या, आम्ही दोघं गाडीत. कुणाला कुणासाठी जागं राहावं लागलं नाही.

तुमच्यापैकी कोण कोण असे गेला आहात? आणि ज्यांच्याकडे असे मित्र आले, त्यांनीही लिहावं.

टेम्पी, अ‍ॅरिझोना

मी यजमान बाजूने लिहिते. आमच्याकडे दर हिवाळ्यात कुणी ना कुणी येतंच आणि मला ते मनापासून आवडतं. पण येणाऱ्यांनी एक करावं: घरासमोर गाडी लावता येईल असं गृहीत धरू नये. बहुतेक वसाहतींत असोसिएशनचे नियम कडक असतात. सामान उतरवण्यापुरतं चालतं, रात्रीचं चालेलच असं नाही. आम्ही पाहुण्यांसाठी जवळच्या आरव्ही पार्कात जागा घेऊन ठेवतो आणि सकाळी त्यांना आणायला जातो.

दुसरं, नोव्हेंबर ते मार्च एवढ्यातच या. 2023 च्या उन्हाळ्यात फीनिक्सला सलग 31 दिवस पारा रोज 110 फॅरनहाइटवर, म्हणजे 43 सेल्सिअसवर, किंवा त्याच्याही वर जात होता. पत्र्याच्या गाडीत अशा वेळी एसी रात्रंदिवस चालवूनही घर थंड होत नाही. उन्हाळ्याचा एकच फायदा, तो म्हणजे वाळवण. माझ्या कुरडया एका दिवसात खडखडीत वाळतात. येणाऱ्या प्रत्येकाला डबा भरून देते.

ह्यूस्टन, टेक्सस

आमचा रस्ता म्हणजे आय-10 हा हमरस्ता. टेक्सस संपता संपत नाही. एल पासोच्या पुढे लास क्रूसेसला माझी पार्ल्याची मैत्रीण आहे, तिथल्या विद्यापीठात शिकवायची. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच खोलीत राहून एम. एस. केलं.

स्वयंपाकाबद्दल सांगते, कारण त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. आरव्हीत फोडणी केली की धुराचा अलार्म ओरडतो. मी फोडण्या आणि भाकरी बाहेर, छोट्या गॅसच्या शेगडीवर करते. आरव्ही पार्कात 30 अँपची वीजजोडणी असेल तर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका, वीज जाते. तिथली हवा इतकी कोरडी की कणीक झाकली नाही तर पोळ्या लाटेपर्यंत वरून पापुद्रा धरतो. डोंगराकडे गेलात, फ्लॅगस्टाफ किंवा सांता फे, तर उंची दोन हजार मीटरच्या वर आहे, तिथे कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही. आणि वाळवंट म्हणजे ऊब असं समजू नका. जानेवारीत रात्री पाणी गोठतं. झोपण्याआधी पाण्याचा पाइप नळापासून सोडवून आत घ्यायचा.

मैत्रीण आम्हाला व्हाइट सँड्सला घेऊन गेली. तिथली वाळू म्हणजे जिप्सम, पांढरीशुभ्र, आणि उन्हातही पायाला चटका बसत नाही. शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणी होते, तेव्हा रस्ता काही तास बंद ठेवतात, आम्हीही अडकलो. पण मागे घर होतंच. पोहे केले, चहा केला, आणि तिने पहिल्यांदाच सविस्तर सांगितलं की नवरा गेल्यावर ती भारतात परत का गेली नाही. तिच्या घरात बसून हे बोलणं झालं नसतं. तिथे फोन वाजतो, शेजारीण येते, दूध उतू जातं.

डॅलस

कागदपत्रांचं लिहायला हवं. मेक्सिकोची सीमा ओलांडली नाही तरी दक्षिण अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्ससमधल्या हमरस्त्यांवर सीमा गस्तीचे नाके आहेत. ग्रीन कार्ड घरी ठेवू नका. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर त्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको.

लॉस एंजेलिस

आणि कॅलिफोर्नियात शिरताना शेतकी खात्याचा नाका! अ‍ॅरिझोनातल्या मेसाच्या मैत्रिणीने परसातली लिंबं आणि कढीपत्त्याच्या फांद्या भरभरून दिल्या होत्या. संत्र्या-लिंबाच्या झाडांना जो रोग लागतो, तो पसरवणारा किडा कढीपत्त्यावरही राहतो, म्हणून ही पानं आणू देत नाहीत. नियम योग्यच आहे, इथल्या बागाच्या बागा त्यावर अवलंबून आहेत. आता आम्ही लिंबांचं सरबत तिच्याच ओट्यावर करून बाटल्या भरतो. तिचा तेवढ्याने जीव शांत होत नाही, ती वर शेंगदाण्याची चटणी देते.

पुणे

मी मुलीकडे सॅन डिएगोला आलो होतो, तेव्हा जावयाने आरव्ही घेतली. कारण एकच: सांगलीचा माझा शाळासोबती कॅलिफोर्नियातल्याच इंपीरियल व्हॅलीत डॉक्टर आहे. व्हिसाच्या अटीमुळे, जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा गावी काही वर्षं काढायची म्हणून तो गेला, आणि अट संपल्यावरही राहिला. रुग्ण बहुतेक शेतमजूर. त्याचं स्पॅनिश ऐकून मी थक्क झालो.

डोंगर उतरून आलं की एकदम सपाट हिरवी शेतं लागतात. सगळं पाणी कोलोरॅडो नदीचं, कालव्याने आणलेलं. 1905 मध्ये नदीने तेव्हाचा कालवा फोडला आणि खोलगटात सॉल्टन समुद्र नावाचं तळं तयार झालं. शंभर वर्षांपूर्वी पंजाबी शेतकरी इथे आले, अनेकांनी मेक्सिकन मुलींशी संसार केला. 1956 मध्ये इथल्याच दलीपसिंग सौंद यांना लोकांनी अमेरिकन काँग्रेसवर निवडून दिलं. तिथे पोहोचलेले ते भारतीय वंशाचे पहिले. मित्र हे सांगत होता ते आपल्या गावाचा इतिहास सांगावा तसं. सांगलीचं तो फारसं बोलला नाही. मला थोडं वाईट वाटलं, मग तो ज्या अभिमानाने पेशंटच्या शेतातली कोबी दाखवत होता ते पाहून बरंही वाटलं.

सिअ‍ॅटल

आमचं थोडं वेगळं आहे. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलातला आमचा एक मित्र टूसॉनला असतो आणि त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. त्याला गाव सोडणं अवघड. दरवर्षीचं स्नेहसंमेलन त्याच्याविना होऊ लागलं होतं, ते आम्हाला कुणालाच पटत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी ठरवलं, संमेलनच त्याच्याकडे न्यायचं. आरव्ही पार्कात शेजारी शेजारी गाड्या लावल्या. (जागा खूप आधी घ्या. जानेवारीच्या शेवटापासून तिथे रत्नं-खनिजांचा मोठा मेळा भरतो, कुठेही जागा उरत नाही.)

ज्या दिवशी उपचार नसतील त्या दिवशी आम्ही त्याला आमच्या गाडीत घ्यायचो. तो फार वेळ बसू शकत नाही, मोटारीत त्याला धास्ती वाटते. आरव्हीत खिडकीलगतच्या पलंगावर तो आडवा पडायचा, बाथरूम चार पावलांवर. सग्वारो राष्ट्रीय उद्यानातून हळू गाडी चालवली. सग्वारो निवडुंगाला पहिला फाटा फुटायला 50 ते 75 वर्षं लागतात. तो पडल्या पडल्या ज्यांना हात फुटलेले नाहीत असे निवडुंग मोजत होता आणि ‘हे सगळे आपल्यापेक्षा लहान’ म्हणत होता.

खाण्याचं पथ्य वहिनींनी फळ्यावर लिहून दिलं होतं. पोटॅशियममुळे टोमॅटो, केळी, नारळपाणी नाही, पाणीसुद्धा मोजून. आम्ही सगळ्यांनीच तेच खाल्लं. वहिनी त्या आठवड्यात दोन दुपारी घराबाहेर गेल्या, एकट्या, निवांत. त्यांनी नंतर फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगितलं.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

हे वाचून लगेच आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपला फोन केला. खर्चाचंही सांगतो: स्वस्त पडत नाही. गॅलनला जेमतेम 8 ते 10 मैल, वर भाडं, वर पार्कचे पैसे. हॉटेलच्या हिशेबाने कुणी जाऊ नये. आणि एक: गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करताना आधी संडासाची, मग धुण्या-आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपसूक धुतला जातो.

अल्बकर्की, न्यू मेक्सिको

वाऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेला जोराचा वारा सुटतो आणि लॉर्ड्सबर्गजवळच्या कोरड्या तळ्यावरून धूळ उठली की आय-10 वर समोरचं बॉनेटही दिसत नाही. आरव्ही उंच, वारा तिला बाजूने ढकलतो. नियम हा: रस्त्यावरून जितकं बाजूला जाता येईल तितकं जायचं, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावायचा आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. मागचे दिवे लागलेले दिसले तर येणारा त्यांनाच रस्ता समजून येऊन धडकतो. मग मित्राला फोन करून सांगायचं की उशीर होईल, जेवून घ्या. माझा डेमिंगचा मित्र जेवत नाही, थांबतोच. तरी सांगायचं.