मदत हवी आहे: डाएट संपल्यावर नेमकं करायचं काय?

नमस्कार मंडळी,

वजन उतरवायचं कसं, हे मला विचारायचं नाही. ते मला जमतं. चार-सहा आठवड्यांचं कुठलंही डाएट हातात द्या, मी नेटाने पार पाडते. पिष्टमय पदार्थ बंद करून झाले, द्रवाहार झाला, दिवसातल्या ठरावीक आठ तासांतच काय ते खायचं हेही झालं. दर वेळी काटा खाली येतो, लोक कौतुक करतात, आणि मग डाएट संपतं. त्या तक्त्यात शेवटच्या दिवसाच्या पुढे काहीच लिहिलेलं नसतं. वर्ष संपायच्या आत मी पुन्हा होते तिथे. गेल्या खेपेला नऊ किलो उतरले होते, परत येताना अकरा आले.

माझ्याबद्दल थोडं: चाळिशी ओलांडली आहे, काम बैठं, थायरॉइड आणि साखर दोन्ही तपासण्या ठीक. गुडघे कुरकुरायला लागल्यामुळे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आहे. टिकवायचं कसं, यावर ते काही बोलले नाहीत.

तर डाएट थांबवल्यावरचे पहिले काही महिने कसे काढायचे? किती खायचं हे कशावरून ठरवायचं? परत येणारं वजन माझ्या जिभेमुळे येतं की शरीरही आतून काही करत असतं? एक मैत्रीण म्हणते, 'तू भराभर उतरवतेस म्हणून परत येतं, हळूहळू उतरव.' यात तथ्य आहे का?

'जीवनशैली बदला' एवढंच लिहिणार असाल तर कृपया राहू द्या. बदलायची म्हणजे सोमवारी सकाळी उठून काय करायचं, ते हवं आहे.

– जाईजुई

खडूफळा:

जाईजुई, जीभ की शरीर, या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे, पण शरीराचा वाटा लोक समजतात त्याहून बराच मोठा असतो.

आधी पहिल्या आठवड्याचा हिशेब. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण अर्धा किलोपर्यंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी. पिष्टमय पदार्थ तोडले की हा साठा रिकामा होतो आणि दीड-दोन किलो झटक्यात उतरतात. त्यात चरबी नगण्य असते. डाएट सोडून नेहमीसारखं दोन-तीन दिवस जेवलात की तेच पाणी परत येतं. बरेच जण नेमके इथेच 'गेलं सगळं वाया' म्हणून हात टेकतात, आणि खरं वजन वाढायला सुरुवात त्यानंतर होते.

आता पुढचं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. लेप्टिन, म्हणजे चरबीच्या पेशींतून निघणारं आणि मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असं कळवणारं संप्रेरक, खूप खाली आलं. भूक वाढवणारं घ्रेलिन वर गेलं. यात नवल नाही. नवल हे की वर्षभराने पुन्हा मोजलं तेव्हाही ही संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती आणि माणसांना भूकही जास्तच लागत होती. डाएट दहा आठवड्यांचं, त्याचे पडसाद वर्षभर.

ही भूक किती वाढते याचा अंदाज अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फार हुशारीने बांधला. मधुमेहाचं एक औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. ते घेणाऱ्यांच्या शरीरातून रोज साधारण ३६० कॅलरी निघून जात होत्या आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती. म्हणजे डाएट केल्याचं मनाला ठाऊकच नाही! तरी काही महिन्यांत वजन उतरायचं थांबलं, कारण ही माणसं नकळत जास्त खाऊ लागली होती. हिशेब असा निघाला: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते, आणि शरीराचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. तुमचे नऊ किलो यात घालून बघा.

दुपारची_सावली:

वाचतेय. अगदी माझाच प्रश्न.

काठावरचा:

स्पष्ट बोलतो, राग नसावा. संप्रेरकं वगैरे ठीक आहे, पण शेवटी तोंडावर ताबा नसला की सगळ्या सबबी. मनावर घेतलं की होतं.

खडूफळा:

@काठावरचा, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला होता. दिवसाला जेमतेम १,६०० कॅलरी, चोवीस आठवडे. सगळे स्वयंसेवक, युद्धात भाग घ्यायला तत्त्व म्हणून नकार दिलेले. म्हणजे निर्धाराची उणीव असलेली माणसं ही नव्हेत. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांश घटलं, डोक्यात सतत अन्नाचेच विचार, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवत बसले. प्रयोग संपल्यावर खाण्यावरचे निर्बंध उठले तेव्हा पोट भरलं तरी भूक भागेना, आणि अंगावरची चरबी प्रयोगाआधी होती त्याच्याही वर गेली. जाईजुईंचे नऊचे अकरा झाले, ते याच जातीचं आहे.

पायवाट:

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल लिहितो. 'हळू उतरवलेलं टिकतं' हे इतक्या वेळा ऐकलंय की खरंच वाटतं. मेलबर्नमध्ये याची नीट परीक्षा झाली, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सुमारे २०० लोक, निम्म्यांनी १२ आठवड्यांत वजन उतरवायचं, निम्म्यांनी ३६ आठवड्यांत. तीन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी जवळपास ७१ टक्के परत आलेलं. वेगाने काही फरक पडला नाही.

आणि कुठलं डाएट, यावरून भांडणाऱ्यांसाठी: स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं होतं, एक कमी चरबीचा आहार, दुसरा कमी पिष्टमय. २०१८ मध्ये निकाल आला, सरासरी घट ५.३ आणि ६ किलो. फरक नगण्य. पण प्रत्येक गटात काहींचे वीस-पंचवीस किलो गेले आणि काहींचं वजन उलट वाढलं. तेव्हा ज्या पद्धतीने तुम्हाला कमी भूक लागते आणि चिडचिड होत नाही, ती तुमची.

लघुकालीन डाएटला सरसकट नावं ठेवू नयेत असं माझं मत आहे. ब्रिटनमधला 'डायरेक्ट' हा मधुमेहींवरचा प्रयोग बघा. तीन ते पाच महिने दिवसाला ८५० च्या आसपास कॅलरी, म्हणजे भलतंच कडक. तरी वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, दोन वर्षांनी ३६ टक्के. पण तिथे तक्ता शेवटच्या दिवशी संपला नव्हता. आधी दोन ते आठ आठवडे एकेक जेवण परत सुरू करायचं, मग दर महिन्याला भेट, आणि वजन दोन किलोंहून जास्त वाढलं की काय करायचं ते आधीच लिहून ठेवलेलं. टक्के घसरले हे खरं, पण सगळं परत आलं नाही.

तिसरा_मजला:

ताई, माझं उतरलेलं वजन बरीच वर्षं टिकून आहे, म्हणून सोमवार सकाळचं सांगते. शास्त्र वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे.

डाएटचा तक्ता संपला की दुसऱ्या दिवसापासून 'नेहमीचं जेवण' असं मी करत नाही. दर आठवड्याला थोडं वाढवते, दिवसाला शंभर-दीडशे कॅलरी, म्हणजे एखादं फळ किंवा जेवणातला एक घास-दोन घास. काटा रोज बघते पण आठवड्याची सरासरी काढते, कारण मीठ, पाळी, बद्धकोष्ठता, कशानेही किलोभर वर-खाली होतं. सरासरी दोन-तीन आठवडे हलली नाही की समजायचं, एवढंच आपलं नेहमीचं. ते जुन्या नेहमीपेक्षा कमी असतं. शरीर लहान झालं की त्याला लागतंही कमी, आणि हे पचवायला मला सगळ्यात जड गेलं.

रोज काटा बघून ज्यांचा दिवस खराब होतो त्यांनी आठवड्यातून एकदा बघावा. अजिबात न बघणं मात्र मला परवडत नाही. कपडे घट्ट व्हायला लागेपर्यंत चार किलो आलेले असतात.

प्रत्येक जेवणात आधी प्रथिनं आणि भाज्या, मग बाकीचं. प्रथिनांनी पोट भरल्यासारखं वाटतं आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी राहतो. घरात पाकीटबंद खाणं आणत नाही. हॉल यांचाच २०१९ चा एक प्रयोग आहे: २० लोक, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न, वाटेल तेवढं खा. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. तेव्हा निर्धार दुकानात वापरायचा, घरी फडताळासमोर नाही.

व्यायाम. वजन उतरवताना त्याने फार मदत होत नाही, टिकवताना होते. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली आहे, किमान १३.६ किलो उतरवून निदान वर्षभर टिकवलेल्यांची. त्यातले बहुतेक जण दिवसाला सरासरी तासभर हालचाल करतात, मुख्यतः चालणं. नियमित वजन करणारे त्यात खूप. ही यशस्वी झालेल्यांनी स्वतः दिलेली माहिती आहे, त्यामुळे 'हे केलं की ते होईलच' असं त्यातून निघत नाही. मी तरी चालते. तास सलग मिळत नाही, तुकडे करते. तुमच्या गुडघ्यांसाठी पोहणं किंवा स्थिर सायकल बरी, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम कोणाकडून तरी नीट शिकून घ्या.

अवांतर: कौतुक करणारे लोक सहा महिन्यांत थांबतात. वजन टिकवल्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही. याची तयारी ठेवा, थट्टा नाही.

औषधपाणी:

मी डॉक्टर आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहितो.

दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचं कुठलंही डाएट देखरेखीशिवाय नको. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डाएट सुरू करतानाच मात्रा बदलावी लागू शकते, नाहीतर साखर किंवा दाब एकदम खाली येतो. गरोदरपणात, किंवा खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल तर हा मार्गच नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं आपल्या मनाने वाढवू नका. स्टेरॉइड, काही नैराश्यविरोधी आणि मनोविकारांवरची औषधं वजन वाढवतात. तशी चालू असतील तर परस्पर बंद न करता पर्याय विचारा.

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या नव्या इंजेक्शनांबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे 'लग्नापुरतं घेतो' म्हणणाऱ्यांची गत डाएटवाल्यांसारखीच. रक्तदाबाची गोळी दाब उतरला म्हणून कोणी सोडत नाही, तसंच हे बघावं लागतं. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी घेण्यात कमीपणाही काही नाही.

जाईजुई:

सगळ्यांचे मनापासून आभार. @काठावरचा, राग नाही, पण तुमच्यापेक्षा जास्त डाएटं मी पूर्ण केली असतील यावर पैज लावायला तयार आहे.

आता डोक्यात असं बसतंय: यावेळी उतरवायचे आठवडे कमी ठेवायचे आणि पुढच्या वर्षभराचा तक्ता आधी लिहायचा. नऊऐवजी पाच किलो उतरले तरी चालतील. @तिसरा_मजला, दोन शंका. एक, वाढलं तर परत कडक डाएटवर जायचं का? दोन, पायवाट यांनी सांगितलेली ती दोन किलोंची रेघ कुठल्या वजनापासून मोजायची? डाएटच्या शेवटच्या सकाळी जो आकडा दिसतो, त्यापासून?

तिसरा_मजला:

शेवटच्या सकाळचा आकडा नको, तो फसवा असतो. खडूफळा यांनी सांगितलेलं पाणी तेव्हा अंगात नसतं. जेवण हळूहळू वाढवून झालं आणि सरासरी स्थिरावली की तो आकडा लिहून ठेवायचा, आणि रेघ त्याच्यावर दोन किलो. नाहीतर पहिल्याच आठवड्यात रेघ ओलांडाल आणि उगाच घाबराल.

रेघ ओलांडली तर मी कडक डाएट करत नाही. वाढवलेलं शेवटचं शंभर-दीडशेचं खाणं काढते, बाहेरचं महिनाभर बंद, चालणं थोडं वाढवते. दोन किलोंना एवढं पुरतं. त्याने महिन्याभरात सरासरी खाली येत नसेल तर मग तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि वजनाची वही सोबत न्या.

दुपारची_सावली:

पाच किलोंवर थांबायचं पटलं. पण गुडघ्यांसाठी तेवढे पुरतील का? @औषधपाणी?

औषधपाणी:

गुडघ्यांना फरक जाणवायला साधारणपणे मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट लागते, जास्त उतरलं तर आणखी आराम. जाईजुईंचं आजचं वजन किती आहे त्यावर पाच किलो पुरेसे की नाही ते ठरेल. कमी पडले तर ते टिकवून दाखवल्यावर दुसरी फेरी करता येते.