मदत हवी आहे: ब्लॉक केलेला नंबर फॉरवर्ड होऊन दुकानात वाजतो

इंदूर, प्रीपेड सिम, अँड्रॉइड. दुसऱ्याच्याच कर्जासाठी छळणाऱ्या वसुलीवाल्याचा नंबर ब्लॉक केलाय. घंटी वाजत नाही, एसएमएस 'स्पॅम आणि ब्लॉक केलेले'मध्ये पडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ब्लॉक केलाय. तरी भाऊसाहेबांचा फोन माझ्या सियागंजच्या दुकानात हजर! माझा फोन त्याचा कॉल कापतो, नेटवर्क त्याला बिझी समजतं आणि बिझीचं फॉरवर्ड (लाइन बिझी असली की कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) दुकानाच्या मोबाइलवर आहे (*#67# ने तपासलं). म्हणजे ब्लॉक करून त्याला दुकानाचा रस्ताच मिळाला.

##67# ने फॉरवर्ड निघेल, पण गिऱ्हाइकांसाठी ते हवंच. दुकानातला फोन साधा बटणांचा, त्यात ब्लॉकची सोय नाही. 1909 चं डीएनडी (नको असलेले कॉल बंद करायची नोंदणी) जाहिरातींसाठी, इथे निरुपयोगी. फॉरवर्ड चालू ठेवून एकच नंबर सिम कंपनीच्या नेटवर्कवरच अडवता येतो का? कसा?