मोठी कंपनी आणली की शहराची उत्पादकता खरंच वाढते का? (प्रबंधाचा विषय आहे, मदत हवीय)

कोरा_कागद:
नमस्कार मंडळी. अर्थशास्त्रात एमए चाललंय, दुसरं वर्ष. प्रबंधाला विषय घेतलाय शहरांची उत्पादकता आणि ती वाढवायची स्थानिक धोरणं. घेताना वाटलं होतं सोपं आहे, आता जितकं वाचतोय तितका गुंता वाढतोय. एक पेपर सांगतो की अमेरिकेत मोठा कारखाना आला आणि त्याच जिल्ह्यातल्या आधीपासूनच्या कारखान्यांची उत्पादकता पाच वर्षांत १२ टक्क्यांनी वर गेली, म्हणजे नव्या कारखान्याची नाही हां, शेजाऱ्यांची. लगेच दुसरा पेपर हातात येतो की सवलतींचे झोन केले आणि नोकऱ्या फक्त या खिशातून त्या खिशात गेल्या. तिसरा म्हणतो हे सगळं सोडा, घरं बांधू द्या. गाईड म्हणतात "आधी प्रश्न नीट मांड, मग ये". तर प्रश्न असा की महापालिका म्हणा किंवा जिल्हा प्रशासन म्हणा, यांच्या हातात नक्की काय असतं ज्याने तिथल्या माणसाचं तासाचं उत्पादन वाढतं? की हे सगळं आपोआपच होतं आणि धोरणवाले नंतर येऊन श्रेय घेतात?

जुना_मास्तर:
पहिली गोष्ट, नोकऱ्या वाढणं आणि उत्पादकता वाढणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अर्धा गोंधळ तिथंच आहे. पाचशे लोकांना कमी पगाराचं काम देणारं गोदाम आलं तर रोजगाराचा आकडा वाढेल, पण दर माणशी उत्पादन कदाचित खालीही येईल. नेत्याला फीत कापायची असते म्हणून तो नोकऱ्या मोजतो. तू काय मोजणार ते आधी ठरव.

आता मूळ कल्पना. मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलंय तेच अजून चालतंय, एकाच धंद्याचे लोक एका ठिकाणी जमले की कामगार मिळणं सोपं जातं, सुटे भाग पुरवणारे जवळ येतात आणि धंद्यातल्या खुब्या एकमेकांना कळत जातात. नंतर लोकांनी ते मोजलं. सिकोन आणि हॉल यांच्या १९९६ च्या पेपरात रोजगाराची घनता (म्हणजे तेवढ्याच जागेतल्या नोकऱ्या) दुप्पट झाली की उत्पादकता साधारण ६ टक्क्यांनी जास्त दिसते. २००४ पर्यंतचे अभ्यास एकत्र बघून रोझेंथल आणि स्ट्रेंज यांनी शहराचा आकार दुप्पट झाला तर ३ ते ८ टक्के असा पट्टा दिला. म्हंजे परिणाम आहे, पण जादू नाही. शहर दुप्पट व्हायला एक पिढी जाते रे बाबा, आणि मिळणार काय तर पाच टक्के.

आणि त्यातही मेख आहे. हुशार माणसं मुळातच मोठ्या शहरात जातात, मग फरक शहराचा की माणसाचा? यावर दे ला रोका आणि पुगा यांचा स्पेनवरचा २०१७ चा पेपर वाचच. त्यांनी तीच माणसं वर्षानुवर्षं फॉलो केली. निघालं असं की मोठ्या शहरात केलेल्या कामाचा अनुभव जास्त किमतीचा ठरतो आणि माणूस नंतर लहान गावात गेला तरी तो फायदा बऱ्यापैकी बरोबर घेऊन जातो. शहर म्हणजे एक प्रकारची शाळाच झाली. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण यात काही भाग जागेत राहतो आणि काही भाग माणसाच्या अंगात.

आकडेबहाद्दर:
१२ टक्केवाला म्हणजे ग्रीनस्टोन, हॉर्नबेक आणि मोरेट्टी, २०१०. आकडा सगळे सांगतात, तो काढला कसा हे कुणी सांगत नाही आणि खरी गंमत तिथंच आहे. कंपनी कुठंही उगाच जात नाही, जिथं आधीच बरं चाललंय तिथंच जाते, त्यामुळं "कारखाना आला नि भरभराट झाली" हे म्हणायला काही अर्थच नाही, भरभराट होणारच होती म्हणून कारखाना आला असेल. मग यांनी शोधून काढलं की कंपनीने जागा निवडताना शेवटच्या फेरीत कुठले जिल्हे होते, कोण जिंकलं आणि कोण थोडक्यात हरलं. हरलेला जिल्हा म्हणजे जिंकलेल्याचा आरसा. कारखाना यायच्या आधी दोघांची चाल सारखी होती, नंतर फाटे फुटले. असे ४७ कारखाने होते त्यांच्याकडे.

पण पुढचं वाच. फायदा सगळ्या शेजाऱ्यांना सारखा नव्हता. ज्यांचे कामगार आणि तंत्रज्ञान नव्या कारखान्याशी मिळतंजुळतं होतं त्यांना जास्त, बाकीच्यांना कमी. शिवाय तिथले पगारही वाढले, म्हणजे उत्पादकतेची मलई मालकांनी एकट्याने खाल्ली असं नाही. आणि नंतर एका संशोधिकेने तुलनेचे जिल्हे वेगळ्या पद्धतीने निवडले तर परिणाम बराच माफक निघाला. म्हणून १२ टक्के हे दगडावरची रेघ समजू नको.

आता सबसिडीचं. कारखाना चांगला म्हणून सबसिडी चांगली असं होत नाही, कारण कंपनी तशीही येणार होती का हा प्रश्न राहतोच. टिमोथी बार्टिक या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास चाळून सांगितलं की सवलतीमुळे निर्णय फिरला अशी प्रकरणं शंभरात २ ते २५. राहिलेल्यांना फुकटात पैसे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं फॉक्सकॉन (इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी कंपनी) आठवतंय का? २०१७ ला घोषणा झाली, १००० कोटी डॉलरची गुंतवणूक, १३,००० नोकऱ्या, आणि राज्याचं पॅकेज सुमारे ३०० कोटी डॉलरचं. २०२१ ला करार नव्याने लिहिला तेव्हा नोकऱ्या १,४५४ आणि सवलत फार तर ८ कोटी डॉलर. बरं झालं पैसे कामगिरीशी बांधलेले होते, पण जमीन, रस्ते, पाणी यावर स्थानिक सरकारांनी खर्च करून टाकला होता त्याचं काय.

खिडकीजवळची_सीट:
सगळे कंपनीवरच बोलताय, माझं म्हणणं वेगळं आहे. शहर मोठं आहे म्हणजे काय? नकाशावर मोठं की माणूस सकाळी अर्ध्या तासात पोचू शकतो तेवढं मोठं? बर्मिंगहॅमबद्दल असा एक युक्तिवाद आहे की कागदावर ते ब्रिटनमधलं लंडननंतरचं मोठं शहर, पण गर्दीच्या वेळी बस इतक्या रखडतात की बसवर अवलंबून असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते बरंच लहान शहर होऊन जातं. दहा लाख लोक राहतात पण एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, मग मास्तर म्हणतात तो मोठ्या आकाराचा फायदा मिळणार कुठून?

आणि अंतर किती लागतं ते बघा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या जाहिरात एजन्सींवर अर्झाघी आणि हेंडरसन यांचा २००८ चा अभ्यास आहे, त्यात जवळच्या शेजाऱ्यांचा फायदा ७५० मीटरच्या पुढे संपलेला दिसतो. साडेसातशे मीटर! चालत दहा मिनिटं. आणि धोरणवाले शहराबाहेर तीस किलोमीटरवर माळरानात "ज्ञाननगरी" काढतात.

पण फ्लायओव्हर बांधा असं मी म्हणत नाहीये हां. दुरांतों आणि टर्नर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या शहरांत महामार्गाच्या लेन जितक्या वाढल्या, गाड्यांची धावही जवळपास तितकीच वाढली. कोंडी जिथल्या तिथं. बसला वेगळी लेन द्या, आणि नोकऱ्या आहेत तिथं घरं बांधायची परवानगी द्या. हे दोन्ही स्थानिक सरकारच्या हातात असतं आणि सबसिडीपेक्षा स्वस्त पडतं. करत नाहीत कारण पार्किंग जातं, आणि मग आहेत त्या सोसायट्या ओरडतात.

आकडेबहाद्दर:
@खिडकीजवळची_सीट घरांच्या मुद्द्याशी सहमत पण त्यावरचा सगळ्यात गाजलेला आकडा जपून वापरा. शे आणि मोरेट्टी, २०१९, की घरबांधणीच्या जाचक नियमांमुळे लोक जास्त उत्पादक शहरांत जाऊ शकले नाहीत आणि अमेरिकेची १९६४ ते २००९ मधली वाढ ३६ टक्क्यांनी कमी झाली. नंतर त्या हिशेबात चुका सापडल्या. दिशा बरोबर असेलही पण ते ३६ प्रबंधात छापलंस तर तोंडी परीक्षेत कुणीतरी पकडणार.

पान्हा_नंबर_तेरा:
मी पेपरबिपर वाचत नाही, एका मध्यम आकाराच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो, अठरा वर्षं झाली. आमच्या शेजारी मोठी कंपनी आली तेव्हा काय झालं ते सांगतो. पहिलं वर्ष शिव्या घातल्या. आमचे सहा चांगले ऑपरेटर उचलून नेले, पगार वाढवल्याशिवाय कुणी थांबेना, मालकाचं तोंड आंबट. नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही वाट बघत बसलो. तीनेक वर्षांनी त्यातला एक परत आला सुपरवायझर म्हणून, आणि त्यानं फक्त एक गोष्ट आणली, मशीन बंद पडलं की वेळ आणि कारण फळ्यावर लिहायचं. बस्स. आधी कुणीच लिहीत नव्हतं, विचारलं की "लाइट गेली होती" सांगायचे. चार महिन्यांत कळलं की निम्मा वेळ डाय (मशीनमधला साचा) बदलण्यात जातोय. मग सेटअपचं सामान आधीच ट्रॉलीवर लावून ठेवायला लागलो. नवीन मशीन एकही नाही घेतलं आणि त्याच माणसांत जास्त माल निघायला लागला.

तर तुमच्या भाषेत याला काय म्हणायचं ते म्हणा. आणि त्या काळात एक सरकारी ट्रेनिंगही झालं आमच्याकडे, दोन दिवस, हॉटेलात, फाईल आणि पेन मिळालं. शिकवणाऱ्यानं शॉपफ्लोर कधी पाहिला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय.

जुना_मास्तर:
@पान्हा_नंबर_तेरा साहेब, तुम्ही पेपर वाचत नाही पण तुमच्यावरच पेपर आहे! ब्लूम आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या कापड कारखान्यांत प्रयोग केला होता, २०१३ ला छापला. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार दिले, काम तेच, नोंदी ठेवा, बिघाड लिहा, स्टॉक नीट लावा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. मोठ्या कारखान्याच्या शेजारचे १२ आणि हे १७, शेजारी शेजारी ठेवून बघा (तुलना अगदी काटेकोर नाही, मान्य). मालकांना आधी विचारलं तर बहुतेकांना वाटायचं आपलं बरं चाललंय, किंवा याने नफा वाढणार नाही. बार्टिकसुद्धा हेच म्हणतात, छोट्या कारखान्यांना जागेवर जाऊन तांत्रिक सल्ला आणि त्यांच्या कामाला बेतलेलं ट्रेनिंग हे टॅक्समाफीपेक्षा पैशाला जास्त फळ देतं. फक्त जागेवर जाऊन. हॉटेलात नाही.

कोरा_कागद:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मग क्लस्टरचं, म्हणजे एकाच धंद्याच्या कंपन्या एका जागी असण्याचं, काय? शेजाराचा फायदा असतो हे सिद्ध झालंय तर सरकारने क्लस्टर घोषित करून सगळ्यांना एकत्र आणणं हे बरोबरच नाही का?

आकडेबहाद्दर:
क्लस्टर असणं आणि क्लस्टर धोरण असणं यात आंबा आणि आंब्याच्या चित्राइतका फरक आहे. शेजार खरा आहे, याबद्दल वाद नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराचं उदाहरण घे, मोरेट्टी २०२१. तिथली फोटो फिल्मवाली मोठी कंपनी कोडॅक कोसळली, कारण डिजिटल कॅमेरे आले, त्याचा शहरातल्या इतर क्षेत्रांतल्या संशोधकांशी काही संबंध नाही. तरी कोडॅकबाहेरच्या त्या संशोधकांची पेटंटची उत्पादकता दुसऱ्या शहरांच्या तुलनेत साधारण २० टक्क्यांनी घसरली. नुसती आजूबाजूची गर्दी पांगली म्हणून.

आणि धोरण? फ्रान्सने नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्थानिक उत्पादन-समूहांना मदत द्यायला सुरुवात केली. मार्टिन, मेयर आणि मेनेरिस यांनी २०११ मध्ये तपासलं तर मदत मिळालेल्या कंपन्या आधीपासूनच मागं पडत होत्या, आणि मदतीनंतरही त्यांची घसरण थांबली नाही. कारण उघड आहे, मदत कुणाला मिळते? ज्याला ओरडता येतं त्याला. आणि झोन केला की आणखी एक होतं, टॅक्समाफीचा फायदा हळूहळू भाड्यात जिरतो. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकातल्या झोनमध्ये हेच झालं, जागामालक खूश, आणि बऱ्याच कंपन्या पलीकडच्या रस्त्यावरूनच उठून आलेल्या.

खिडकीजवळची_सीट:
अमेरिकेतल्या नव्वदच्या दशकातल्या एम्पॉवरमेंट झोनचं मात्र बरं निघालं होतं ना? तिथं सवलत त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला कामावर घेतलं तर होती. रोजगार आणि पगार वाढले आणि भाडी काही फार भडकली नाहीत. म्हणजे झोन वाईट असं सरसकट नको म्हणायला. नियम कुणाला धरून लिहिलाय यावर बरंच ठरतं.

जुना_मास्तर:
मान्य. आणि एक शेवटचं, टेनेसी खोरे प्राधिकरण, अमेरिकेच्या केंद्र सरकारची एका मागास भागासाठीची योजना, १९३३ पासून. धरणं, वीज, रस्ते. क्लाइन आणि मोरेट्टी यांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला. केंद्राचा पैसा १९६० च्या सुमाराला आटला, शेतीतला फायदा नंतर विरून गेला, पण कारखानदारी पुढंही वाढतच राहिली. म्हणजे मोठा धक्का दिला तर गाडी स्वतः चालू शकते. पण त्यांचंच म्हणणं की एकत्र येण्याचा जो फायदा खोऱ्याला झाला, तेवढाच देशात दुसरीकडे कुठंतरी कमी झाला. वीज-रस्त्यांचा थेट फायदा मात्र देशाच्या खात्यात राहिला. आता हे वाचून कुणी म्हणेल मग कशाला करायचं. मी म्हणेन ज्याच्या घरात वीज आली त्याला विचारा.

कोरा_कागद:
ओके, मग प्रश्न छोटा करतो. मोठी कंपनी आल्यावर जे कामगार तिकडे गेले आणि पुन्हा लहान कारखान्यांत परत आले, त्यांच्यामुळे त्या लहान कारखान्यांची उत्पादकता वाढली का? पान्हादादांची गोष्ट म्हणजे मास्तरांनी सांगितलेला स्पेनचा पेपरच झाला की, फक्त कारखान्याच्या बाजूने बघितलेला. चालेल का?

आकडेबहाद्दर:
विषय मस्त. पण जो कारखाना परत आलेल्या माणसाला सुपरवायझर करतो तो मुळातच बरा चाललेला असणार, तिथं अडकशील. तुलनेला कोण घेणार? ती कंपनी जिथं जाता जाता राहिली ती गावं शोध. ग्रीनस्टोन वगैरेंना हरलेल्या जिल्ह्यांची नावं एका उद्योगविषयक मासिकाच्या जुन्या सदरात मिळाली होती. तू जुनी वर्तमानपत्रं काढ.

पान्हा_नंबर_तेरा:
आणि कामगारांशी बोलायचं असेल तर शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर ये, एचआरकडून नको येऊस. एचआर तुला फाईल आणि पेन देईल.