पद्मदुर्ग : दगड झिजला, चुना कसा टिकला?

प्रश्न : मुरूडसमोरच्या समुद्रातल्या कासा किल्ल्याच्या (म्हणजेच पद्मदुर्गाच्या) तटात दगड आत गेलेत, सांध्यांतला चुना मात्र चौकटीसारखा पुढे उभा. कारण काय?

उत्तर १ : मीठ. खारं पाणी दगडात मुरतं, उन्हात सुकतं, मिठाचे स्फटिक फुगून दगडाचे पापुद्रे सोलतात. चुना तेवढा झिजला नाही. सांधे सिमेंटने भरू नयेत, ओल कोंडून दगड आणखी लवकर फुटतो. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला हा किल्ला बांधला. रसद अडवणाऱ्या सुभेदार जिवाजी विनायकांना लिहिलेलं त्यांचं खरमरीत पत्र जरूर वाचा.

उत्तर २ : जायचं तर भरतीचं गणित करा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीनला भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. पावसाळ्यात होडी नकोच.