गिरण्या आयातीमुळे बंद पडल्या नाहीत
परदेशी कापडावर वेळीच जबर आयातशुल्क लावले असते तर मुंबईचे गिरणगाव (कापड गिरण्यांचा कामगार भाग) वाचले असते, असे प्रतिपादन केले जाते; ते मला पटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा परदेशी कापडाला देशाची दारे जवळपास बंदच होती. गिऱ्हाईक पळवले ते भिवंडीच्या यंत्रमागांनी, कारण तिथे मजुरी कमी, कामगार कायद्यांचा जाच नाही आणि अबकारीतही (उत्पादनावरील करातही) सवलत. इकडे गिरण्यांच्या साचेखात्यांत (विणकाम विभागांत) जुनाट माग खडखडत राहिले आणि बऱ्याच मालकांनी नफा यंत्रांत न घालता अन्यत्र वळवला. (पुढे मुंबईतील बांधकाम आणि जमीनवापर ठरवणाऱ्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांची जमीन विकण्याची वाटही मोकळी करून दिली, मग माग कोण बदलतो?)

शुल्क कशावर लावले जाते, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेने २०१८ मध्ये आयात पोलादावर २५ टक्के शुल्क लावले. पण तिथे पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा ते वापरणाऱ्या कारखान्यांतील कामगार कितीतरी पटींनी अधिक आहेत आणि त्यांचा कच्चा माल महागला. आपल्याकडे सुतावर शुल्क वाढवले, तर पहिला फटका भिवंडीच्याच मागवाल्याला बसेल.